रग्बीची व्हीलचेअर: सांगाडा बाहेरचा घ्या, बाकीचं इतवारीत बघा

मापावर बनवून परदेशातून मागवलेली ॲल्युमिनियमची रग्बी खुर्ची आणि नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली स्टीलची खुर्ची, अशा दोन्हींचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो. खेळाडूचा वर्ग (ताकद तपासून मिळणारा गुण) पक्का झाला असेल आणि तो पुढचे काही हंगाम खेळणार असेल, तर सांगाडा बाहेरचाच घ्यावा. शिकायला, सरावाला, धडक द्यायची-घ्यायची सवय लागायला स्टीलची पुरते. मात्र बाहेरची खुर्ची मागवताना चाकाचं माप, एक्सलची जाडी आणि बेअरिंगचा नंबर नागपूरचा इतवारीचा बाजार बघून ठरवावा. नाहीतर काही लाखांची वस्तू ऐन स्पर्धेच्या आठवड्यात एका ट्यूबसाठी कोपऱ्यात पडून राहते.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९७०च्या दशकात कॅनडातल्या विनिपेग शहरात व्हीलचेअर रग्बी हा खेळ सुरू झाला. मानेला इजा झाल्यामुळे ज्यांचे हातही कमजोर झालेत आणि बास्केटबॉल फेकता येत नाही, अशांसाठी. १९९६ला अटलांटात प्रात्यक्षिक म्हणून आणि २००० पासून सिडनीत पदकासह तो पॅरालिम्पिकमध्ये आला. बास्केटबॉलचंच २८ × १५ मीटरचं बंदिस्त कोर्ट, एका बाजूला चार खेळाडू, व्हॉलीबॉलसारखा चेंडू. चेंडू ताब्यात ठेवून ८ मीटर रुंदीच्या गोलरेषेपलीकडे खुर्चीची दोन चाकं गेली की गोल. खुर्चीने खुर्चीला धडकणं नियमात बसतं, माणसाला हात लावणं नाही. समोरच्याच्या मागच्या एक्सलच्या मागे ठोकून त्याला गरकन फिरवलं तर फाऊल. म्हणजे सामनाभर मार खाते ती खुर्ची, आणि म्हणूनच हॉस्पिटलची, घरची किंवा बास्केटबॉलची खुर्ची इथे चालत नाही.

पैसे काढण्याआधी वर्ग बघा. खेळाडूंना ०.५ ते ३.५ असे अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या फरकाने वर्ग मिळतात. ०.५ म्हणजे हातात सर्वात कमी ताकद. कोर्टवरच्या चौघांची बेरीज ८च्या वर जाऊ शकत नाही. संघात महिला खेळत असेल तर प्रत्येकीमागे अर्ध्या गुणाची सवलत मिळते. खेळायला हात आणि पाय दोन्हींवर परिणाम झालेला असावा लागतो. फक्त पायांना पोलिओ झालेल्याला किंवा कमरेखालीच ताकद गेलेल्याला या खेळात वर्ग मिळत नाही. त्याने बास्केटबॉल, टेनिस किंवा ॲथलेटिक्सकडे वळावं. हे न सांगता ‘घेऊन टाका, व्हीलचेअरवर तर आहातच’ म्हणणारे सल्लागार आपल्याकडे भरपूर आहेत. वर्ग अधिकृत पॅनेल ठरवतं, स्नायूंची ताकद तपासून आणि प्रत्यक्ष खेळ पाहून. सुरुवातीचा वर्ग पुढच्या तपासणीत बदलू शकतो. तो पक्का होईपर्यंत संघाच्या खुर्चीवर भागवा.

कारण वर्गावरून खुर्चीची जात ठरते. बचावाच्या खुर्चीला पुढे लांब पट्टी असते, तिला पिक बार म्हणतात. कमी गुणाचा खेळाडू ती समोरच्या वेगवान खेळाडूच्या चाकाजवळ अडकवतो आणि त्याला धरून ठेवतो. ०.५चा खेळाडू असा ३.५च्या खेळाडूला अर्धा मिनिट जागेवर खिळवून ठेवू शकला, तर संघाचं निम्मं काम झालं. आक्रमणाच्या खुर्चीचा पुढचा बंपर गोलसर आणि आटोपशीर असतो. बंपरपासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंना पंख असतात, म्हणजे कुणाची पट्टी आत शिरून अडकत नाही. १.५ पर्यंत बचावाची आणि ३ पासून पुढे आक्रमणाची खुर्ची घ्यावी. घोळ होतो २ आणि २.५वाल्यांचा. आमचं मत असं, की संघात मोठ्या गुणाचा एखादा चांगला खेळाडू असेल तर २वाल्याने बचावाची घ्यावी. चेंडू नेणारा दुसरा कुणी असताना याने आक्रमणाची खुर्ची घेऊन फिरणं वाया जातं.

आता सांगाडा. कॅनडातली व्हेस्को, न्यूझीलंडची मेलरोज, ब्रिटनची आरजीके ही नावं खेळाडूंच्या तोंडी असतात. या तऱ्हेची मापावरची खुर्ची साधारण १५ ते १८ किलोची भरते. तिचा खरा गुण वजनात नाही, बसण्यात आहे. सीट मागे खोल आणि पुढे उंच असते. गुडघे वर येतात, कंबर खोबणीत बसल्यासारखी घट्ट राहते. पोट-पाठीचे स्नायू काम करत नसलेल्या ०.५ किंवा १च्या खेळाडूला ही खोली जास्त लागते, नाहीतर पहिल्याच धडकेत तो पुढे मांडीवर कोसळतो. ३.५वाल्याला उंच आणि कमी खोल बसवावं, म्हणजे त्याला वाकून चेंडू उचलता येतो. फॉर्म भरताना माणसाला उशीसकट सपाट पाटावर बसवून नितंबाची रुंदी घ्या आणि तीच द्या. ‘दोन सेंटिमीटर जास्त असू द्या, वजन वाढेल’ हा घरच्या खुर्चीचा हिशेब इथे लावला की धडकेगणिक माणूस एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे जाते. उंची ठरवताना हात चाकाच्या वरच्या टोकावर ठेवून कोपराचा कोन १०० ते १२० अंशांत येतो का ते बघा. कोन त्याहून लहान आला तर माणूस खाली बसलाय. खांदा प्रत्येक ढकलण्यात वर उचलला जातो, आणि या खेळात कारकीर्द संपते ती बहुधा खांद्यावरच.

पट्ट्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहावे लागतील. कंबर, मांड्या आणि पावलं अशा तिन्ही ठिकाणी पट्टे हवेत, रुंद आणि आतून मऊ. मांडीच्या पट्ट्याखाली लघवीच्या पिशवीची नळी दबली की मूत्राशय तुंबतं. छातीच्या मधल्या भागाच्या वर मणक्याची इजा असलेल्या खेळाडूचा रक्तदाब मग एकदम चढतो: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागात घाम फुटतो. अशा वेळी त्याला आडवं करू नये. बसवूनच ठेवावं, सगळे पट्टे सैल करावेत, नळी मोकळी करावी आणि आराम पडला नाही तर दवाखाना गाठावा. ॲलन कीचा सेट जवळ असतो तसं हे ज्ञान संघाच्या मेकॅनिकजवळही असलं पाहिजे. उशी ५ सेंटिमीटरच्या आसपासची घट्ट फोमची बरी. हवेची उशी धडकांत उसळवते. सरावानंतर त्वचा बघायचीच. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत त्यावर बसायचं नाही.

चाकं तिरकी असतात, बहुधा १६ ते २० अंशांत. त्यामुळे खुर्ची जागेवर झटकन वळते आणि बाजूच्या धक्क्याने उलटत नाही. पण १८ अंशांवर २५ इंची चाकाचा तळ वरच्या टोकापेक्षा एकेका बाजूला सुमारे १९ सेंटिमीटर बाहेर जातो. एवढी रुंद खुर्ची फ्लॅटच्या दारातून किंवा ऑटोत जात नाही. दर वेळी चाकं काढावी लागतात, म्हणून झटपट निघणारे एक्सल पाहिजेतच. शिवाय सामन्यात खुर्ची बिघडली तर दुरुस्तीला मिनिटभरच मिळतं. तेवढ्यात पंक्चर काढून होत नाही, चाक बदलून होतं. म्हणून आमचा आग्रह: संघातल्या सगळ्यांची चाकं एकाच मापाची आणि एक्सल एकाच जाडीचे घ्या. मग दोन जादा चाकांवर अख्खा संघ निभतो. तीन मापं झाली की सहा चाकं वाहत फिरा.

माप कोणतं? आमचं मत २५ इंचीला. खुर्चीच्या २४ इंची चाकाचा रिम ५४० मिमीचा, २५ इंचीचा ५५९चा आणि २६ इंचीचा ५९०चा. यातलं ५५९ हेच सायकलवाल्यांकडच्या २६ इंची एमटीबीचं (माउंटन बाइकचं) माप. म्हणजे खुर्चीच्या २५ इंची चाकाला सायकलच्या दुकानातलं २६ इंची टायर-ट्यूब बसतं. उलट खुर्चीचं २४ इंची घेतलं तर दुकानातला २४ इंची एमटीबी टायर ५०७चा निघतो, तो चढतच नाही. दुकानात इंच सांगूच नका, टायरच्या कडेवरचा ५५९ आकडा दाखवा. ट्यूब १ ते १.२५ इंच रुंदीची मागा. दोन इंची टायरची जाड ट्यूब बारीक टायरमध्ये कोंबली की घडी पडते आणि तिथेच फुटते. दुकानदार ‘होऊन जाते भाऊ’ म्हणाला तरी घेऊ नका. व्हॉल्व्हही बघा. बारीक रिमला ६.५ मिमीचं भोक असतं, मोटरसायकलच्या तऱ्हेच्या व्हॉल्व्हला साडेआठ लागतं. ड्रिलने भोक मोठं करून देणारे भेटतील, पण रिम तिथूनच तडकतो.

हवा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भरू नये. रग्बीच्या बारीक टायरला शंभरच्या वर, अनेकदा १२०-१४० पीएसआय लागतात. कडेवर छापलेली कमाल मर्यादा बघून १६० पर्यंतच्या गेजचा उभा पंप स्वतःचा ठेवा. आणि मे महिन्यात नागपुरात चाकं हवेसकट गाडीच्या डिकीत ठेवू नका. सकाळी २५ अंशांत १३० पीएसआय भरलेला टायर ६० अंश तापलेल्या डिकीत १४५च्या पुढे जातो. निघताना वीस-तीस पीएसआय सोडून द्या, हॉलमध्ये पोचल्यावर पुन्हा भरा.

बेअरिंगमध्ये सगळ्यात जास्त लोक फसतात. अर्ध्या इंची एक्सलच्या बहुतेक हबांत (चाकाच्या मधल्या तुंब्यांत) इंची मापाचं आर८ बेअरिंग असतं: आतला व्यास १२.७, बाहेरचा २८.५७५, जाडी ७.९४ मिमी. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला जुनं बेअरिंग दाखवलं की समोर ६००१ येतं. ते १२ × २८ × ८चं, डोळ्यांना अगदी सारखं. पण एक्सल आत जात नाही, आणि लेथवर एक्सल घासून घातलाच तर बाहेरची कडी हबमध्ये अर्धा मिलिमीटर ढिली राहते. चार दिवसांत हबचं भोक लांबट होतं, आणि हब गेला म्हणजे चाकच गेलं. कागदावर ‘आर८-२आरएस’ लिहून द्या. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, आपल्या धुळीत पत्र्याच्या सीलपेक्षा जास्त चालतं. पुढच्या छोट्या चाकांचं आणि मागच्या उलटण-रोधक चाकांचं ६०८ बेअरिंग, ८ × २२ × ७चं, तेच स्केटिंगच्या बुटांत असतं आणि सहज मिळतं. नवीन बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या कडीवर द्या, योग्य मापाचा पाना-सॉकेट ठेवून. आतल्या कडीवर हातोडी मारली तर कड्यांवर छर्ऱ्यांचे खड्डे पडतात आणि नवं चाकही पहिल्या दिवसापासून खरखरतं.

आरे झाकणारी तबकडी नियमाने लागतेच. ॲल्युमिनियमची असेल आणि पोचा पडला तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून रबरी हातोडीने काढता येतो. इथे नवी करून घ्यायची तर साइनबोर्डवाल्याकडून ३ मिमी पॉलिकार्बोनेट शीट कापून घ्या. तो ॲक्रिलिक देऊ करेल, कारण ते स्वस्त आणि चकचकीत. ॲक्रिलिक धडकेत फुटून धारदार तुकडे उडतात. नकोच.

स्टीलच्या खुर्चीकडे येऊ. तिची बाजू अशी, की पाइप इथला, वेल्डिंग इथलं, आणि तुटली तर वाडीपासून कामठी रोडपर्यंत कुणीही जोडून देतो. वजन मात्र २२-२५ किलोपर्यंत जातं. शून्यातून वेग घेताना ते ०.५ आणि १च्या खेळाडूच्या हातांना जाणवतं. पण वजन हा तिचा मोठा दोष नाही. मोठा दोष म्हणजे जिगशिवाय, म्हणजे पाइप ठरल्या मापात धरून ठेवणाऱ्या साच्याशिवाय, केलेलं वेल्डिंग. दोन्ही बाजूंचा तिरकेपणा एकसारखा येत नाही, आणि चाकं पुढे मिटलेली किंवा फाकलेली राहतात. तपासायला पाच मिनिटं लागतात. खुर्ची सपाट जमिनीवर, माणूस वर बसलेला. हबच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या मध्यभागी खडूची खूण करा आणि पुढच्या बाजूने दोन खुणांतलं अंतर मोजा. मग खुणा मागच्या बाजूला तितक्याच उंचीवर येईपर्यंत खुर्ची पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. दोन मापांत २-३ मिमीपर्यंतचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर ताब्यात घेऊ नका. अशी खुर्ची सतत ब्रेक लावल्यासारखी चालते आणि टायरची एकच कड खाते. हा दोष पुढे बाहेरच्या खुर्चीतही येतो, पण कारण वेगळं: पुढची छोटी चाकं झिजतात. ७६ मिमीचं चाक ७०वर आलं की सांगाडा पुढे झुकतो आणि मागची मोठी चाकं पुढून मिळून साधारण ३ मिमी मिटतात. छोटी चाकं बदलली की माप जागेवर येतं. स्टीलची करून घेत असाल तर बंपर आणि पिक बार वेल्ड न करता बोल्टने लावून घ्या. ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉन लॉकनट, आणि एकदा काढलेला लॉकनट पुन्हा वापरायचा नाही.

ॲल्युमिनियमचा सांगाडा तडकतो तो ठरलेल्या जागी: तिरक्या चाकांचा आडवा नळ सांगाड्याला मिळतो तिथे आणि पिक बारच्या बुडाशी. रंगावर केसासारखी काळी रेघ दिसली की थांबा. वेल्डिंगच्या दुकानात डाय पेनिट्रंटचे तीन कॅन मिळतात: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या पावडरचा. रंग मारून दहा मिनिटं ठेवा, पुसा, पावडर मारा. चीर असेल तर लाल रेघ उमटते. मग आर्गन वेल्डिंगवाला गाठा, पण आधी कंपनीला मिश्रधातू कोणता ते विचारा. ६०६१-टी६ असेल तर वेल्डच्या शेजारचा भाग नरम पडतो आणि भट्टीत उष्णोपचार केल्याशिवाय ताकद परत येत नाही. म्हणून चीर भरून वर पट्टी किंवा त्रिकोणी आधार लावून ताण पसरवावा. ७००५ असेल तर तो काही आठवड्यांत आपोआप बराच सावरतो, तेवढे दिवस कोर्टवर उतरवू नका. या ७००५ला ५३५६ची फिलर काडी हवी. दुकानात सर्रास असते ती ४०४३, ती त्याला चालत नाही.

कोर्ट हा नागपुरातला वेगळाच अडथळा. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारखा मोठा बंदिस्त हॉल वगळता बाकीकडे बॅडमिंटनची मॅट खराब होईल म्हणून नकार मिळतो. पुढच्या चाकांना डाग न पाडणारं युरेथेन लावून, ते सोबत नेऊन दाखवलं तर होकाराची शक्यता वाढते. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर खेळलात तर टायर पटकन संपतात.

आणि उन्हाळा. मानेच्या इजेत इजेखालच्या शरीराला घाम येत नाही, त्यामुळे उष्णता अंगातच साठते. स्प्रेच्या बाटलीने चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पाणी मारत राहणं हा साधा उपाय, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो छान चालतो. पण दारं-खिडक्या लावून कूलर सोडला की हॉल दमट होतो, मारलेलं पाणी अंगावरून उडत नाही आणि फरशीही निसरडी होते. कूलर लावायचा तर समोरची दारं उघडी ठेवा. पावसाळ्यात स्प्रेवर विसंबू नका, बर्फाचे टॉवेल ठेवा. हातमोजे म्हणून रबर चढवलेले कारखान्यातले मोजे पुरतात, मनगटावर चिकटपट्टी गुंडाळून. खेळाडू ब्रेक हातानेच लावतो, टायर हाताला घासतो आणि तिथे संवेदना नसली तर भाजल्याचं कळतही नाही. जाड पायमोजाचं पाऊल कापून बाकीचा हातावर कोपरापर्यंत चढवा.

ऑस्ट्रेलियाचा रायली बॅट २००४च्या अथेन्सला पंधराव्या वर्षी खेळला आणि २०२४च्या पॅरिसलाही संघात होता. मधे लंडन आणि रिओचं सुवर्ण. म्हणजे कारकीर्द वीस वर्षांची असू शकते, खुर्ची मात्र एवढी जात नाही. सांगाडा एका शरीरासाठी बनलेला असतो, म्हणून जुनी खुर्ची विकत घेताना आधी सीटची रुंदी आणि आधीच्या मालकाचा वर्ग विचारा, मग खाली वाकून आडव्या नळाचे जोड बघा, किंमत शेवटी. नवी मागवत असाल तर बिलावर ८७१३ हा अपंगांच्या खुर्चीचा कस्टम कोड लिहून घ्या, ‘क्रीडा साहित्य’ नको. आणि दोन जादा चाकं, चार एक्सल, आठ आर८ बेअरिंग आणि पुढच्या चाकांचा एक सेट त्याच खोक्यात मागवा. वेगळं पार्सल केलं की भाडंही वेगळं आणि कस्टमची चक्करही वेगळी.